एका चुकीची मुदत किती?

दिवा–पनवेल लोहमार्गावर तळोजे पांचनंद नावाचे एक स्थानक आहे. या परिसरात तीन गोष्टी एकमेकींच्या जवळपास उभ्या आहेत. परंतु त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. पहिली म्हणजे तळोज्याचे मध्यवर्ती कारागृह. दुसरी म्हणजे औद्योगिक वसाहतीतील घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प. सीमाशुल्क विभाग, अमली पदार्थ नियंत्रण विभाग आणि मुंबई पोलीस यांनी जप्त केलेले अमली पदार्थ अलीकडच्या वर्षांत वेळोवेळी येथील भट्टीत जाळून नष्ट करण्यात आले आहेत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे येथून काही किलोमीटरवर उभा राहिलेला नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले व त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

कारागृह, भट्टी आणि विमानतळ या तिन्हींना जोडणारा एक प्रश्न आहे. वरवर पाहता तो फार थोड्या लोकांचा वाटेल. परंतु आपल्या शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलांच्या भवितव्याशी त्याचा संबंध आहे. ज्या तरुणाच्या नावावर एकदा अमली पदार्थांचा गुन्हा नोंदला गेला, त्याला पुढे वैमानिक होता येईल काय? वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर त्याला पात्र ठरवील काय? आणि ठरवू नये असे आपले मत असेल, तर ते कोणत्या आधारावर?

उदाहरणादाखल एक कल्पित मुलगा डोळ्यांसमोर आणू. घर प्रकल्पग्रस्ताचे, वडिलांच्या वाट्याला साडेबारा टक्के योजनेतला एक भूखंड आलेला. मुलगा विज्ञान शाखेचा, गणितात बरा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चार मित्रांबरोबर टेकडीवर बसला असता पोलिसांनी त्याला धरले. खिशात गांजाची एक पुडी निघाली. गुन्हा नोंदला गेला, जामीन झाला, पुढे न्यायालयात दंड भरून प्रकरण मिटवण्यात आले. पाच वर्षे लोटली. त्यानंतर त्या मुलाने पुन्हा कशाला हात लावलेला नाही. आता गोंदियाजवळच्या बिरसी येथे किंवा बारामतीला जाऊन विमान चालविण्याचे शिक्षण घ्यावे असे त्याच्या मनात आहे. त्या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात वा त्याहूनही पुढे जातो. भूखंड विकण्याची वडिलांची तयारी आहे. परंतु पैसा ओतल्यानंतर जुने प्रकरण आडवे आले तर काय, या भीतीने घराची झोप उडाली आहे.

अशा घराला भेटेल तो माणूस दोनपैकी एक सल्ला देतो. कोणी म्हणतो, ‘आता विसरा, गुन्हा नोंदला म्हणजे संपले.’ कोणी कानाशी लागून सांगतो, ‘अर्जात काही लिहूच नका, कोण बघायला बसले आहे?’ माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यातला दुसरा घातकही आहे.

वैद्यकाचा प्रश्न वेगळा आहे

प्रथम नियम काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. विमान चालविण्यासाठी केवळ कौशल्य पुरत नाही. वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र लागते. शिकाऊ उमेदवाराला आरंभी दुसऱ्या वर्गाचे आणि व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाचे. हे प्रमाणपत्र एकदा मिळाले म्हणजे जन्मभर पुरले असे नसते; त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. आपल्याकडे हा विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्याचे मूळ आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने घालून दिलेल्या मानकांत आहे.

या मानकांत ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ अशी एक संज्ञा आहे. तिच्यात मद्य, अफूजन्य पदार्थ, गांजा-चरस, झोपेची व गुंगीची औषधे, कोकेन, उत्तेजके, भ्रम उत्पन्न करणारी द्रव्ये आणि हुंगली जाणारी द्रावणे एवढ्यांचा समावेश होतो. कॉफी आणि तंबाखू मात्र तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. म्हणजे नैतिक दृष्ट्या आपण ज्याला व्यसन म्हणतो आणि विमानशास्त्र ज्याला धोका मानते, त्यांच्या सीमारेषा तंतोतंत जुळत नाहीत. या पदार्थांचे सेवन ज्याच्या स्वतःच्या जिवाला किंवा इतरांच्या प्राणांना अपाय करणारे आहे, अथवा ज्यामुळे त्याच्या कामात, कुटुंबात वा आरोग्यात बिघाड होतो, अशा सेवनाला ही मानके ‘समस्यात्मक सेवन’ म्हणतात. अशा व्यक्तीला सुरक्षिततेशी निगडित कामावरून तत्काळ दूर करावे असे ती सांगतात.

परंतु तीच मानके पुढे आणखी एक गोष्ट सांगतात, आणि सामान्य चर्चेत नेमकी तीच हरवते. उपचार यशस्वी झाल्यानंतर, किंवा उपचारांची गरजच नसेल तर ते सेवन थांबल्यानंतर, त्या व्यक्तीच्या हातून सुरक्षिततेला बाध येणार नाही अशी खात्री पटल्यास तिला कामावर परत घेण्याचा विचार करता येतो. दार कायमचे बंद करावे असे हा नियम म्हणत नाही. दारावर पहारा असावा, एवढेच तो म्हणतो.

डॉक्टरच्या खुर्चीतून पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. न्यायाधीश विचारतो, ‘त्या दिवशी तू काय केलेस?’ डॉक्टर विचारतो, ‘आज तू कसा आहेस, आणि उद्या कसा असशील?’ कुतूहलापोटी एकदा केलेले सेवन, काही काळ चाललेले अपायकारक सेवन आणि ज्याच्यावाचून दिवस निभत नाही असे अवलंबित्व या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. अवलंबित्वाचा इतिहास हा वैद्यकीय दृष्ट्या गंभीर अडथळाच असतो. एकदा सापडलेली पुडी ही मात्र केवळ एक सूचना असते. तिच्यामागे रोग आहे की नाही याचा तपास करावा लागतो. तो तपास करणे हे डॉक्टरचे काम आहे, तर्काने तो आधीच संपविणे हे आपले काम नव्हे.

महासंचालनालयाचे अलीकडचे नियमही याच दिशेने जातात. ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या अमली पदार्थविषयक चाचण्यांची नवी पद्धत अमलात आली. कर्मचाऱ्यांपैकी दरवर्षी किमान १० टक्क्यांची अवचित चाचणी, नोकरीवर घेण्यापूर्वी व प्रशिक्षणाला प्रवेश देण्यापूर्वी चाचणी, आणि पहिल्या चाचणीत संशय आल्यास प्रयोगशाळेत खात्रीची दुसरी चाचणी अशी तिची रचना आहे. चाचणी पहिल्यांदा सदोष निघाली तर त्या व्यक्तीला कामावरून उतरवून व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी पाठविले जाते. ती बरी होऊन पुन्हा निर्दोष ठरली तर कामावर येऊ शकते. दुसऱ्यांदा सदोष निघाली तर परवाना तीन वर्षांसाठी स्थगित, आणि तिसऱ्यांदा निघाली तर रद्द. हा नियम कठोर आहे यात शंका नाही. तथापि पहिल्या पायरीवर तो माणसाला उपचाराकडे नेतो, बहिष्काराकडे नेत नाही. ज्याच्या हाती शेकडो प्रवाशांचे प्राण आहेत अशा कामावरच्या वैमानिकाला जर एक संधी मिळते, तर कामावर येण्याच्या कितीतरी आधी चुकलेल्या आणि नंतर सावरलेल्या विद्यार्थ्याला ती अजिबात मिळू नये, या म्हणण्यात संगती दिसत नाही.

लपविण्याची किंमत

आता त्या कानाशी लागून दिलेल्या सल्ल्याकडे वळू. वैद्यकीय तपासणीच्या वेळी उमेदवाराला आपला पूर्वेतिहास लिहून द्यावा लागतो व तो खरा असल्याबद्दल सही करावी लागते. आपल्याला माहीत असेल तितके सर्व, संपूर्ण आणि अचूक सांगितले पाहिजे याची जाणीव उमेदवाराला दिली जावी, असे आंतरराष्ट्रीय मानकच म्हणते. कारण उघड आहे. रक्तदाब मोजता येतो, दृष्टी तपासता येते. परंतु माणसाच्या मनाचा आणि सवयींचा इतिहास बहुतांशी त्याच्याच तोंडून कळतो. तेथे तो खोटे बोलला तर सर्व यंत्रे असूनही डॉक्टर आंधळाच राहतो.

या आंधळेपणाची किंमत जगाने मोजलेली आहे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या कंपनीचे विमान फ्रान्सच्या पर्वतराजीत कोसळले आणि १५० माणसे मृत्युमुखी पडली. सहवैमानिकाने ते हेतुपुरस्सर खाली नेले होते. त्या घटनेत अमली पदार्थांचा संबंध नव्हता, मनोविकाराचा होता. परंतु आपण आजारी आहोत हे त्याने मालकांपासून दडवून ठेवले होते, आणि दडविण्यामागे परवाना जाण्याची भीती होती. भीतीने जेथे जीभ बंद होते, तेथे वैद्यकीय तपासणी हा निव्वळ उपचार उरतो.

आपल्याकडच्या कायद्याची भूमिकाही या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये नोकरीच्या अर्जात फौजदारी प्रकरण दडविण्याचा प्रश्न सविस्तर विचारात घेतला. दिलेली माहिती खरी असली पाहिजे हे तर न्यायालयाने सांगितलेच. तरुण वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर ती दडविल्याकडेही मालकाला आपल्या विवेकाने दुर्लक्ष करता येईल, असेही म्हटले. मात्र उमेदवाराने सर्व काही खरे सांगितले तरी त्याच्या पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा मालकाचा अधिकार अबाधित राहतो, हेही न्यायालयाने नमूद केले. म्हणजे सत्य सांगणाऱ्याला नोकरीची हमी मिळत नाही; त्याच्या प्रकरणाचा प्रामाणिकपणे विचार होण्याचा मार्ग तेवढा मोकळा राहतो. दडविणाऱ्याच्या बाबतीत मात्र जुन्या चुकीवर नव्या अप्रामाणिकपणाची भर पडते, आणि ही दुसरी चूक पहिलीहून जड ठरते. गांजाच्या पुडीबद्दल डॉक्टर क्षमा करील. खोट्या सहीबद्दल त्याने का करावी?

अमेरिकेतही हेच तत्त्व आहे. तेथील वैद्यकीय अर्जात उमेदवाराला पूर्वीच्या शिक्षांबद्दल विचारले जाते आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उलट अमली पदार्थांवर अवलंबून असलेला माणूस बरा झाला आणि मागील किमान दोन वर्षे तो पूर्णपणे निर्व्यसनी राहिला असे पुराव्यानिशी दाखविता आले, तर त्याच्या वैद्यकीय पात्रतेचा विचार करण्याची तरतूद तेथील नियमांत आहे.

१९८५ चा कायदा काय देतो?

आपल्या देशात अमली पदार्थांविषयीचा मुख्य कायदा १९८५ चा आहे. तो कडक म्हणून प्रसिद्ध आहे आणि व्यापाऱ्यांच्या बाबतीत तसा तो असलाच पाहिजे. परंतु या कडक कायद्याच्या पोटात सेवन करणाऱ्यासाठी काही दयेची कलमे आहेत, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नसतात.

कायद्याच्या दृष्टीने गांजाचे एक किलोपर्यंतचे, हेरॉइनचे पाच ग्रॅमपर्यंतचे आणि कोकेन वा मेफेड्रोनचे दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ समजले जाते. कलम २७ प्रमाणे सेवनाच्या गुन्ह्याला पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कारावास, अथवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस जर स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याबद्दल खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येईल. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीलाही न्यायालय शिक्षा भोगायला न पाठविता उपचारासाठी सोडू शकते. एरवी या कायद्याखालील सज्ञान गुन्हेगाराला परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याचा लाभ मिळत नाही; परंतु कलम २७ चा गुन्हा त्याला अपवाद आहे. आणि परिवीक्षेवर सुटलेल्याला १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ लागू होते. दोषसिद्धीमुळे एखादी अपात्रता चिकटत असेल तर ती त्याला चिकटणार नाही, असे ते कलम सांगते. दोषसिद्धी पुसली जात नाही. तिची शेपटी मात्र तोडली जाते.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत कायदा याहून उदार आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ‘नव्याने आरंभ’ हे तत्त्वच मांडलेले आहे. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या अज्ञान मुलाला पुढे कोणतीही अपात्रता भोगावी लागू नये आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट व्हावी, असे कलम २४ म्हणते.

आता आपल्या कल्पित मुलाच्या घराकडे पाहा. ‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ या एका वाक्यावर त्या घराने गुन्हा कबूल केला. त्या दिवशी कोणी शहाण्या माणसाने परिवीक्षेची मागणी करण्यास सुचविले असते, तर दंडाइतक्याच सहजपणे मुलाच्या भवितव्याचे रक्षण झाले असते. हजार रुपयांच्या घाईने आयुष्याचा एक दस्तऐवज बिघडविला. वकिलाची फी परवडणाऱ्याला या वाटा ठाऊक असतात. तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्याच्या मुलाला त्या कोण सांगणार? कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही असे आपण म्हणतो खरे. पण कायद्यातील दयेचे अज्ञान हीच गरिबाची खरी शिक्षा होऊन बसते.

न संपणारा खटला

दोषी ठरण्याहूनही एक वाईट अवस्था आहे. ती म्हणजे काहीच न ठरणे. १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याला पारपत्र नाकारता येते. कलम २७ ची कमाल शिक्षाच एक वर्षाची असल्याने या तरतुदीची झळ सेवन करणाऱ्याला लागत नाही. परंतु त्याच कलमात दुसरीही तरतूद आहे: फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तरीही पारपत्र नाकारता येते, आणि मग त्यासाठी न्यायालयाची अनुमती मिळविण्याचे हेलपाटे घालावे लागतात. परिणाम असा की, ज्याने गुन्हा कबूल करून शिक्षा भोगली तो परदेशी जाऊ शकतो. आणि जो निर्दोष आहे, म्हणून लढतो आहे, तो तारखांच्या फेऱ्यात अडकून राहतो. वैमानिकाच्या व्यवसायात पारपत्र, विमानतळ-प्रवेशाचा परवाना आणि पोलिसांची चारित्र्य-पडताळणी ही डॉक्टरच्या प्रमाणपत्राइतकीच आवश्यक आहेत. डॉक्टरने पात्र म्हटले तरी फाटकावर माणूस अडतो तो असा.

येथे तळोज्याची ती भट्टी पुन्हा आठवते. जप्त माल वर्षानुवर्षे कोठारात पडून राहू नये, त्याची चोरी वा अदलाबदल होऊ नये म्हणून कायद्याच्या कलम ५२-अ मध्ये एक शहाणपणाची व्यवस्था आहे. मालाची यादी, छायाचित्रे व नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यावेत आणि उरलेला माल खटल्याचा निकाल लागण्याची वाट न पाहता नष्ट करावा. त्याप्रमाणे माल जळतो, त्याची राख होते. मालासाठी आपण एवढा विचार केला. माणसासाठी का करू नये? गांजा धूर होऊन जातो आणि ज्याच्या खिशात तो सापडला त्याचा खटला मात्र तारखेमागून तारीख घेत उभा राहतो. देशातील कारागृहांत २०२२ अखेर असलेल्या बंद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी होते, हा आकडा पाहिला म्हणजे तळोज्याच्या भिंतीआड काय चालले असेल याची कल्पना येते.

‘पण धोका का पत्करावा?’

या सगळ्यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. निष्कलंक उमेदवार रांगेत उभे असताना डाग लागलेल्याचा विचार तरी का करायचा? विमानात बसणाऱ्याने आपला जीव दुसऱ्याच्या सुधारणेच्या प्रयोगासाठी का द्यावा?

या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला, पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याला, उपचार अर्धवट टाकणाऱ्याला कॉकपिटमध्ये स्थान नाही. अवलंबित्व जडलेल्याच्या बाबतीत प्रदीर्घ निरीक्षणावाचून कोणतेही प्रमाणपत्र देऊ नये. संशयाचा फायदा न्यायालयात आरोपीला मिळतो. विमानात तो प्रवाशालाच मिळाला पाहिजे.

परंतु उरलेला अर्धा भाग अनुभवाला उतरत नाही. ८ मार्च १९९० रोजी अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एका विमानाचे तिन्ही वैमानिक मद्याच्या अमलाखाली विमान घेऊन गेले. कॅप्टन लाइल प्राउझ यांना १६ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. परवाने गेले, नोकरी गेली, देशभर नाचक्की झाली. त्यांनी उपचार घेतले, मद्य सोडले, तुरुंगातून सुटल्यावर अगदी प्राथमिक परवान्यापासून पुन्हा परीक्षा दिल्या. १९९३ मध्ये त्याच कंपनीने त्यांना परत घेतले आणि १९९८ मध्ये ते बोइंग ७४७ चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ज्या न्यायाधीशाने त्यांना तुरुंगात धाडले होते, त्यानेच पुढे त्यांच्या माफीला पाठिंबा दिला. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती दिली. त्यांचा गुन्हा आपल्या कल्पित मुलाच्या गुन्ह्याहून कितीतरी गंभीर होता, कारण तो विमानात घडला होता. तरीही ते परत येऊ शकले, कारण अमेरिकेत १९७४ पासून व्यसनाधीन वैमानिकांना ओळखून, उपचार करून, देखरेखीखाली परत आणण्याची व्यवस्था उभी आहे. त्या व्यवस्थेत विश्वास आहे, पण तो आंधळा नाही. चाचण्या आहेत, अहवाल आहेत, सहकाऱ्यांची नजर आहे.

शिवाय रांगेतले ‘निष्कलंक’ ते कोण, हाही प्रश्न आहे. जो पकडला गेला तो नोंदीत आला. त्याच्याबरोबर बसलेले आणि वेळेवर पळालेले नोंदीत नाहीत. ज्याच्याकडे आपण पाहत राहतो त्याच्यापासूनचा धोका मोजता येतो. कोणाच्या नजरेत न आलेल्यापासूनचा धोका मोजता येत नाही. सत्य सांगून, तपासण्या देऊन आलेला माणूस हा त्या अर्थाने अधिक परिचित असतो.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ‘गर्द’ने शहरांना विळखा घातला त्या काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. व्यसनी हा रुग्ण आहे, तो बरा होऊ शकतो, ही गोष्ट मराठी समाजाने तेथे डोळ्यांनी पाहिली. रुग्ण बरा होतो हे आपण मान्य केले. मग बऱ्या झालेल्याने जायचे कोठे, याचे उत्तरही आपणच दिले पाहिजे.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट उमेदवाराने स्वतः करावयाची. पैसा भरण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, नंतर नाही. निकालपत्राची प्रमाणित प्रत, उपचार घेतले असल्यास त्यांचे कागद, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील चाचण्यांचे अहवाल आणि मनोविकारतज्ज्ञाचे मत हे सर्व जवळ ठेवावे. आणि प्रश्न विचारला जाईल तेथे खरे उत्तर द्यावे. खटला प्रलंबित असेल तर तो लवकर निकाली काढण्याची विनंती न्यायालयाला करावी.

दुसरी गोष्ट शासनाची. सेवनाचे व अल्प प्रमाणाचे खटले ठरावीक मुदतीत निकाली निघावेत. विधी-साहाय्य देणाऱ्या वकिलाने पहिल्याच तारखेला कलम ६४-अ, ३९ आणि परिवीक्षा यांची माहिती आरोपीला त्याच्या भाषेत दिली पाहिजे. महासंचालनालयाने जुने प्रकरण असलेल्या उमेदवाराने काय सादर करावे, किती काळाचे निर्व्यसनीपण दाखवावे, हे सोप्या भाषेत छापून प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या फलकावर लावावे. नियम स्पष्ट असला म्हणजे दलालाचा कानमंत्र आपोआप निरुपयोगी होतो.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे शिक्षकांची आणि कचेऱ्यांत बसणाऱ्यांची. वर्तणुकीचा दाखला लिहिणाऱ्या मुख्याध्यापकाने आणि पडताळणीचा कागद पुढे सरकविणाऱ्या कारकुनाने हे ध्यानात ठेवावे की, ‘गुन्हा नोंद’ या दोन शब्दांपुढे निकाल काय लागला हे लिहिणे त्यांचे कर्तव्य आहे. वर्गात ज्याने एकदा चूक केली त्याला उरलेली वर्षे ‘तोच तो’ म्हणून ओळखण्याची सवय आपल्याला आहे. ती सोडणे कोणत्याही परिपत्रकावाचून शक्य आहे.

सत्य सांगणाऱ्याचा नाश होतो अशी व्यवस्था आपण उभी केली, तर तिच्यातून उत्तम खोटे बोलणारेच तेवढे वर येतील. आणि मग त्यांच्याच हाती आपण विमान देऊ. सुरक्षितता आणि क्षमा यांच्यात येथे विरोध नाही, तो आपण कल्पिलेला आहे. चुकीला मुदत असावी, पाळतीला नसावी, एवढेच सूत्र पुरेसे आहे. तळोज्याच्या कारागृहाच्या भिंतीवरून आता विमाने जाताना दिसतात. भिंतीच्या आतला एखादा मुलगा वर पाहत असेल. त्याला ते विमान चालविता येईलच असे कोणीही सांगू शकणार नाही. परंतु ‘खरे बोल आणि बरा हो, मग तुझा विचार होईल’ एवढे आश्वासन देण्याइतका आपला कायदा मोठा आहे. आपण त्याच्याहून लहान असू नये.